कडेची खुर्ची

महापेच्या ऑफिसात आमचे सीनियर सर माझ्या शेजारी बसतात. मी कॉम्प्युटरसाठी लिहिलेली स्क्रिप्ट तपासताना पुटपुटतात, "आकडे आकड्यांसारखे ताडायचे, शब्द शब्दांसारखे." शब्दांची तुलना दिसली की व्हेरिएबलला, म्हणजे शब्द साठवणाऱ्या नावाला, दोन्ही बाजूंनी कोट्स, अवतरणचिन्हं घालतातच. एकदा मी वैतागून विचारलं, "सर, दर वेळी कशाला?"

"अरे, व्हेरिएबल रिकामं निघालं तर मशीनला वाटतं, इथे कुणी नव्हतंच. मग तुलनाच फसते. कोट्स असले की रिकामं असलं तरी जागा राहते."

आमच्यासोबत डबा खाणारी एक सहकारी उपचारांसाठी बरेच महिने रजेवर आहे. काल डबा खाताना कुणीतरी तिची रिकामी खुर्ची दुसऱ्या टेबलाकडे ओढून नेली. सर अर्धा घास टाकून उठले, खुर्ची परत घेऊन आले.

"सरका जरा," आम्हाला म्हणाले, "ती डावखुरी आहे, तिला कडेचीच लागते."