पळीतले पाणी

"शास्त्रीबोवा, तुम्ही मुहूर्त सांगायचा. उतार सांगायचा नाही."

म्युनिसिपालिटीच्या सभागृहात, भर दुपारी, वकीलसाहेब असे म्हणाले आणि खुर्च्यांवरचे सगळे हसले. मी उभा होतो. करदात्यांसाठी एक बाक ठेवला होता, पण त्यावर दप्तरांचे गठ्ठे होते. कोणी ते उचलले नाहीत. उचला, असे मीही म्हटले नाही.

वकीलसाहेब आमच्यातलेच, तंजावरी मराठी घरातले. लहानपणी आमच्या तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर बसून त्यांनी माझ्याकडून शब्दरूपे घोकली होती. आता ते आमच्या वीथीचे, म्हणजे आळीचे, मेंबर होते.

सभा लोकांसाठीच होती. येत्या वर्षी गावात कोणती कामे व्हायची ते ऐकावे, हरकत असल्यास सांगावी, अशी दवंडी पिटली होती. मी विश्वासाने गेलो. राजे गेले, कंपनी गेली, राणीचे राज्य आले. पण दवंडी खोटे बोलत नाही, अशी माझी समजूत होती.

हेडक्लार्कने यादी इंग्रजीत वाचली. भराभर. मी हात जोडून म्हणालो, "तमिळात सांगावे. नाहीतर मराठीत." वेळ नव्हता. आमच्या वीथीचे नाव आणि गटार, एवढे दोन शब्द मला कळले. तेवढे पुरेसे होते. मी म्हणालो, "हे गटार तळ्याच्या मुखाशी जाते. त्या तळ्याचे पाणी कुंभारवीथी पिते. चाळीस वर्षे मी तिथे स्नान करतो. पाणी कुठून उतरते, ते मी पाहिले आहे."

त्यावर तो मुहूर्ताचा विनोद झाला. मग हसू ओसरल्यावर वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "एंजिनियरला कळत नाही आणि तुम्हाला कळते?"

विनोद मला लागला नाही. हे वाक्य लागले. कारण हे वाक्य माझे होते.

आठच दिवसांपूर्वी, तळ्याच्या पायरीवर, मी ते वळ्ळीला ऐकवले होते. वळ्ळी कुंभारवीथीतली विधवा. चाक चालवून घर राखणारी. घागर कडेवर घेऊन ती म्हणाली होती, "सामी, नव्या गटाराच्या खुंट्या तळ्याच्या तोंडावर ठोकल्यात. घाण आमच्या घागरीत येणार. आम्हाला तिथे कोण बोलू देतं? तुम्ही सांगा." मी सोवळ्यात होतो. दोन पावले मागे सरलो आणि म्हणालो, "तिथे शिकलेले लोक आहेत. त्यांना कळत नाही आणि तुला कळते?"

"शिकलेले पाणी भरायला येतात का, सामी?" एवढे बोलून ती गेली.

सभेआधी मी जाऊन त्या खुंट्या पाहिल्या. तिचे खरे होते.

सभेतून निघताना क्लार्कने वही पुढे केली. "हजेरी आहे. सही करा." मी वर श्रीकार काढला, खाली मोडीत नाव लिहिले. अर्थ कळल्याशिवाय शिष्याला एक पद पुढे जाऊ न देणारा मी. इंग्रजीच्या चार ओळींखाली सही करून घरी आलो.

काम सुरू करण्याच्या दिवशी मलाच बोलावणे आले. साहेबांच्या राज्यातही भूमिपूजनाशिवाय कुदळ पडत नाही. वकीलसाहेब यजमान म्हणून पाटावर बसले. संकल्पात स्थळ सांगावे लागते, काळ सांगावा लागतो, कोण करतो आणि कशासाठी करतो तेही सांगावे लागते. मग यजमानाच्या तळहातावर पळीने पाणी घालायचे आणि त्याने ते सोडायचे. मी 'कशासाठी'पर्यंत आलो आणि थांबलो.

"या गटाराचे पाणी कुठे जाणार, ते सांगा."

"बोवा, पुढे चला. ऊन वाढतंय."

"कुठे जाणार?"

ते हसले. "तुमची संमती वहीत आहे. सही तुमचीच ना?"

म्हणजे ती हजेरी नव्हती.

मी पळी कलशात उलटी केली. "जे मला ठाऊक नाही, त्याचा संकल्प मी सांगत नाही. जे ठाऊक आहे, त्याचा तर मुळीच नाही."

गर्दीच्या मागून वळ्ळीचा आवाज आला, "कळलं गं बाई सामींना!" बायका हसल्या. ते हसू मी मान खाली घालून घेतले. ते माझ्या वाट्याचे होते.

घटकाभरात दुसरे भटजी आले. गटार खणले गेले. ऐप्पसीचा, आश्विन-कार्तिकातला पाऊस सरला तेव्हा तळ्याला वास येत होता. कुंभारवीथीच्या बायका आता कोसभर लांबच्या विहिरीवर जातात. मोठ्या घरांतून मला बोलावणी येत नाहीत. गुडघे दुखतात. देवापुढे बसतो तेव्हा आता काही मागावेसे वाटत नाही.

काल पुन्हा दवंडी फिरली. उद्या सभा आहे.

वळ्ळीही घरपट्टी भरते. ती बोलेल, खुंट्या तिने आधी पाहिल्या होत्या. मी तिच्या शेजारी उभा राहीन, दोन पावले मागे नव्हे. बाकावरचे गठ्ठे मी स्वतः खाली ठेवीन आणि तिला बसायला सांगेन. यादी तमिळात वाचली जाईपर्यंत मी दारातून हलणार नाही. आणि वही पुढे आली, तर माझ्या जुन्या सहीखाली तमिळात लिहीन: ही संमती नाही. मला वाचून दाखवले नव्हते.