मधली जागा

अर्डिस होल्मची पुस्तकं आमच्या गावात कोणी वाचत नाही. निदान विचारलं तर सगळे कानावर हात ठेवतात. पण तिचं नवं पुस्तक आलं की आठवडाभरात माझ्या कॅफेत येणाऱ्या प्रत्येक गड्याला त्यातल्या घोड्याचं नाव माहीत असतं. कसं काय, ते मी विचारत नाही. गिऱ्हाईक तोडायचं नसेल तर काही गोष्टी विचारू नयेत.

पुस्तकं सगळी एका साच्यातली. शहरातली एक मुलगी मोडक्या गाडीतून एका छोट्या गावात येते. तिथे एक काउबॉय असतो. उंच, कमी बोलणारा, रविवारी चर्चमध्ये टोपी मांडीवर ठेवून बसणारा. दोघांचं आधी वाजतं. मग बर्फात एक वासरू अडकतं, ते दोघं मिळून बाहेर काढतात, पास्टर काहीतरी शहाणपणाचं बोलतात आणि अगदी शेवटच्या पानावर, त्याआधी चुकूनही नाही, एक चुंबन. तेही दोन प्रार्थनांच्या मध्ये मावेल एवढंच. मला ही पुस्तकं आवडत नाहीत. मी सगळी वाचली आहेत.

अर्डिस आधी शाळेत शिकवायची. आता रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. तिची आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तिचं करता करता अर्डिसचं लग्नाचं वय निघून गेलं. गावाच्या ते लक्षात आलं नाही. तिच्या आलं असावं, कारण आई गेली त्याच हिवाळ्यात तिनं पहिलं पुस्तक लिहायला घेतलं. कोणाही तरुणाबरोबर ती कधी फिरायला गेल्याचं मला आठवत नाही आणि मी असल्या गोष्टी विसरणारी बाई नाही.

एमरी टॉफ्टची रँच नदीच्या उत्तरेला. बायको जॉइस वारली तेव्हापासून तिथे तो, त्याच्या गाई आणि बिस्किट नावाचा कुत्रा, एवढेच. एका रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना अर्डिसनं त्याला विचारलं, गाय व्यायला झाली हे ओळखायचं कसं? पुस्तकासाठी हवं होतं. एमरीनं कप खाली ठेवला.

"शनिवारी या, मिस होल्म," तो म्हणाला. "हे सांगून कळण्यासारखं नाही."

त्याच्या मुलीला अर्डिसनं शिकवलं होतं, म्हणून तो तिला मिस होल्मच म्हणायचा. ती त्या शनिवारी गेली. मग पुढच्या शनिवारी गेली. मग कोणी कोणाला विचारायचंच बंद झालं. सकाळी एमरीची पिकअप तिच्या दाराशी थांबायची, दोघं कुरणं बघत दिवसभर हिंडायची आणि दुपार कलली की माझ्याकडे दालचिनीचे रोल खायला यायची.

आता आमच्याकडे पिकअपमध्ये कोण कुठे बसतं याला अर्थ असतो. पुढची सीट सलग, तिघांची. पलीकडच्या दाराशी जो बसतो त्यानं कुरणांची फाटकं उघडायची. उतरायचं, तारेचं कडं सोडायचं, गाडी आत गेली की तार ओढून पुन्हा बांधायची. दाराशी खुद्द गव्हर्नर बसला तरी त्याची सुटका नाही. आणि मधल्या जागेवर, गाडीत तिसरं कोणी नसताना, चालवणाऱ्याला खेटून जी बसते ती त्याची. एवढं एकदा दिसलं की गावाला वेगळं काही सांगावं लागत नाही. माझ्या खिडकीतून मी निम्म्या गावाची लग्नं पास्टरच्या आधी ठरवलेली आहेत.

एमरीच्या पिकअपमध्ये मधल्या जागेवर बिस्किट बसायचं. ताठ, समोर बघत, चर्चच्या कमिटीवर असल्यासारखं. अर्डिस दाराशी. पाऊस असो, वारा असो, ती उतरायची, फाटकाशी झटायची आणि परत येऊन दाराशी बसायची.

"त्या कुत्र्यानं आता तरी बाजूला व्हावं," असं डेलबर्ट दर शनिवारी म्हणायचा. डेलबर्ट म्हणजे खिडकीजवळचं टेबल अडवून बसणारा म्हातारा. त्याला स्वतःची रँच आहे, पण ती त्याची सून चालवते.

या वसंतात बिस्किट म्हातारपणानं गेलं. पुढच्या शनिवारी पिकअप समोरून गेली तेव्हा अख्खं कॅफे खिडकीकडे बघत होतं. एमरी त्याच्या जागी, अर्डिस दाराशी आणि मध्ये बरोबर कुत्र्याएवढी मोकळी जागा.

"कुत्रा गेला, पण जागा अजून त्याच्याच नावावर दिसतेय," डेलबर्ट म्हणाला. मी किटलीतली उरलेली थंड कॉफी त्याच्या कपात ओतली.

उन्हाळ्यात एमरीचा गुडघा फारच बिघडला. त्याची मुलगी लिंकन शहरात असते. तिनं त्याच्यासाठी खोली तयार केली. रँच शेजाऱ्याला चालवायला द्यायची आणि बर्फ पडायच्या आत निघायचं, असं ठरलं. हे त्यानं माझ्या काउंटरपाशी सांगितलं, उद्या वारा सुटेल म्हणावं तसं. अर्डिस शेजारीच बसली होती.

"बरं होईल," ती म्हणाली. "तिथे दवाखाने चांगले आहेत."

"हो, तसं म्हणतात," एमरी म्हणाला. टोपी घालून तो गाडीत सामान भरायला गेला. अर्डिस रोलच्या एकाच तुकड्याला लोणी लावत राहिली. लोणी बशीत ओघळलं तरी तिचा हात थांबेना. मला तिचा राग आला.

"तू काही बोलणार आहेस की नाही?" मी विचारलं.

"काय बोलू?"

"एवढी पुस्तकं लिहिलीस. त्यातलं एखादं वाक्य काढ की बाहेर."

"माझ्या पुस्तकात बाई बोलत नाही, बर्निस. तो बोलतो." तिनं सुरी खाली ठेवली. "आणि हा बोलला नाही. बिस्किट गेल्यावर मला वाटलं, आता सीटवर थाप मारेल, इकडे सरका म्हणेल. दर शनिवारी मी वाट पाहिली. ती जागा जॉइसची होती गं. मी चर्चमध्येसुद्धा कोणाच्या बाकावर बोलावल्याशिवाय बसत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या प्रत्येक पुस्तकात ते होतं. काउबॉय हसतो, मधल्या जागेवर थाप मारतो आणि मुलगी लाजत सरकते. ते पान आलं की मी दर वेळी फस्सकन हसत आले होते.

"थाप मारताना कोणाला पाहिलंस तू?"

"सगळेच मारतात ना?"

"अर्डिस, आमच्याकडच्या एकाही पुरुषानं आजवर बाईसाठी सीटवर थाप मारलेली नाही. थाप मारून बोलावतात ते कुत्र्याला."

ती कानापर्यंत लाल झाली. "सगळ्या पुस्तकांत आहे ते."

"माहीत आहे मला."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार? तुझी पुस्तकं कोणी वाचत नाही."

डेलबर्ट खिडकीबाहेर एकदम मन लावून बघू लागला.

"मग करतात कसं?" तिनं हळूच विचारलं. साठीची बाई, अर्ध्या नेब्रास्कातल्या पोरींना प्रेम कसं करावं ते सांगणारी, आणि मला हे विचारत होती.

"करायचं काय त्यात? फाटक लावायचं, परत चढायचं आणि दाराशी थांबायचं नाही. सरकायचं. पुरुष बोलवत नाही. बोलावलं तर ती अरेरावी झाली. सरकायचं की नाही ते बाईनं ठरवायचं. तो बिचारा समोर रस्त्याकडे बघत बसतो. आणि तू इतके दिवस प्रत्येक फाटकानंतर दाराशी जाऊन बसतेस. म्हणजे दर शनिवारी तू त्याला नाही म्हणत आलीस."

"आणि त्यालाच नको असेल तर?"

मी तिची बशी उचलली.

रँच शेजाऱ्याच्या हाती जायच्या आधीचा शेवटचा शनिवार उजाडला. सकाळी पिकअप गेली तेव्हा अर्डिस दाराशीच होती, रविवारचा कोट घालून. मध्ये कुत्र्याएवढी जागा तशीच. मी रोल भट्टीत घातले आणि विसरले. तळाशी काळे पडलेले ते रोल मी तसेच विकले आणि त्या दिवशी माझ्याशी कोणी हुज्जत घातली नाही.

दुपार कलली तरी पिकअप येईना. रोज संध्याकाळी जेवायला घरी जाणारा डेलबर्ट हलला नाही. मी पुसलेलीच टेबलं पुन्हा पुसत होते. शेवटी टपाल कचेरीच्या वळणावरून ती आली, नेहमीपेक्षा सावकाश.

"पिकअप एका बाजूला कललीय," डेलबर्ट म्हणाला. आणि मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

काचेमागे दोन डोकी होती, दोन्ही एकाच बाजूला. दाराशी कोणीही नव्हतं.

ती आत आली. अर्डिसचे बूट स्वच्छ होते, कोटावर धुळीचा कण नव्हता. एमरी मात्र पाय ओढत चालत होता. त्याची बाही तारेनं फाटली होती आणि मनगटावर ओरखडे होते. त्यानं खुर्चीचा आधार घेतला आणि माझा फोन मागितला.

"मी येत नाही," तो मुलीला म्हणाला. "नाही, गुडघा बरा नाही. वाईट आहे. शेजाऱ्याला सांगतो मी, तो समजून घेईल... अगं, तुझ्या मिस होल्म. हो. अर्डिस." मग तो बराच वेळ ऐकत राहिला. पलीकडे ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. "मला काय माहीत?" तो शेवटी म्हणाला. "मला वाटायचं, ती वासरं बघायला येते."

त्यानं फोन ठेवला. अर्डिस तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसून करपलेला रोल आवडीनं खात होती.

मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली. "असल्या गुडघ्यानं सगळी फाटकं तूच उघडलीस?"

मी कालच शहरातून आले असल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"मग कोण उघडणार?" तो म्हणाला. "दाराशी कोणी बसलंच नव्हतं."