तेलाचा आळ

मला राग पटकन येतो, हे आमच्या घरात जाहीर आहे. आमचे हे म्हणतात, तुझ्या रागावर आंघोळीचं पाणी तापेल. तापू दे. बाकीचे राग येतात आणि जातात, पण त्या कबड्डीच्या चौकशीचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

तासगावजवळ आमची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. आम्ही जैन शेतकरी, दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं. पण सातारा-सांगलीच्या मुलींची कबड्डी लीग सुरू झाली, की आमच्याकडे चार वाजताच ताटं वाढली जायची. सामने संध्याकाळी असत आणि मी एकही सोडत नसे. माझ्याबरोबर शेडवरच्या बायका टेम्पोत बसून यायच्या. ओरडायला त्या माझ्यापेक्षा पुढं. एकीनं तर एकदा पंचाला त्याच्या आईची आठवण करून दिली होती, आणि पंच चक्क खाली मान घालून उभा राहिला होता.

ह्या वेडाला कारण होतं. आमच्या संघाची मुख्य चढाईपटू आमच्याच शेडवर कामाला होती. अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं, पण कबड्डी कबड्डी करत मध्यरेषा ओलांडली की समोरच्या पोरींची पाचावर धारण बसायची. मधले दोन हंगाम गुडघ्याच्या दुखण्यानं तिचे घरात गेले होते. आता जिल्ह्याच्या संघाची निवड करणारे लीगचा अंतिम सामना बघायला येणार होते, आणि वयाच्या अटीमुळं तिला हा एकच हंगाम उरला होता. अंतिम सामना खेळली तर निवड जवळजवळ नक्की, असं तिचे प्रशिक्षक सांगायचे. ती स्वतः काही बोलायची नाही. फक्त घड बुडवता बुडवता मधेच विचारायची, "काकी, हुईल का वो?"

घड बुडवणं म्हणजे बेदाण्याचं पहिलं काम. टबातल्या पाण्यात डिपिंग ऑइल आणि एक पावडर घालायची, द्राक्षं त्यात बुडवून काढायची आणि जाळीवर पसरायची. सालीवरचं मेण सुटतं आणि माल लवकर वाळतो. दिवसभर हात त्या पाण्यात. साबणानं धुतलं की तेल जातं, वास मात्र जाता जात नाही. आमच्याकडच्या बायकांच्या हाताला तो वास होळी-पाडव्यापर्यंत असतोच. लग्नाला जा, मयतीला जा, हात जोडले की वास.

उपांत्य सामना सांगलीत होता, साताऱ्याकडच्या एका पैसेवाल्या संघाशी. त्या दिवशीही पोरगी दुपारपर्यंत टबावर होती, कारण तोडलेला माल वाट बघत नाही. मग तिनं शेडच्या नळावर कपडे धुवायच्या साबणानं कोपरापर्यंत हात घासले. दोनदा. मी तिथंच उभी होते, ओरडत होते की कातडी काढतीस का आता. तेवढ्यानं तिचं समाधान होईना, म्हणून तिनं वरून माती चोळून परत धुतले. हे मी डोळ्यांनी बघितलं. पुढं चौकशीत मी हे तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा मला "मुद्द्यावर या" म्हणण्यात आलं. अहो, मग मुद्दा कुठला होता?

सामना अगदी शेवटच्या चढाईवर आला. आम्ही दोन गुणांनी मागं. पोरगी आत गेली, कोपऱ्यातल्या मुलीला हात लावला, आणि त्या मुलीसकट तिघींनी तिला धरलं. एकीनं कंबर, एकीनं पाय, एकीनं मनगट. आमच्या बायकांनी डोळे मिटले. ती वाकली, वळली, मनगट सोडवलं आणि आडवी होऊन मध्यरेषेला बोटं लावली. तीन गुण! मी खुर्चीवर उभी राहिले होते, ह्या वयात, लुगड्यासकट.

तेवढ्यात त्यांचा प्रशिक्षक मॅटवर धावत आला. "तेल हाय! हिनं तेल लावलंय!" त्यानं स्वतःच्या खिशातला रुमाल काढला, तिच्या हातावर फिरवला आणि पंचाच्या नाकाला लावला. पंच म्हणाला, वास येतोय. अंगाला तेलकट काही लावून खेळायचं नाही, हा कबड्डीचा नियम आम्हालाही पाठ आहे, आणि तो बरोबरही आहे. पण तो रुमाल कुणाचा? त्याच माणसाचा. सामनाभर तो त्यानंच तोंड, मान, टक्कल पुसत होता. त्या रुमालाला तेलाचाच काय, सगळ्या सांगलीच्या भेळेचा वास आला असता. पंचांनी दुसरा स्वच्छ कपडा घेतला का? नाही. तिचं मनगट धरून बघितलं का? तेही नाही. आणि गंमत सांगते, त्यांच्या दोन पोरींच्या गुडघ्यांवर दुखण्याचं मलम असं चोपडलं होतं की दिव्याखाली चकाकत होतं. वास पाचव्या रांगेपर्यंत येत होता. मी ओरडून सांगितलं, ते पण हुंगा की! कुणी हुंगलं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून.

निकाल राखून ठेवला. लीगनं चौकशी समिती नेमली आणि सुनावणी साताऱ्यात ठेवली. सुनावणी म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. म्हटलं, चला, शांतपणे कुणीतरी ऐकून घेईल. आमचे हे म्हणाले, "तू जाऊ नको, तू गेलीस की शांतपणा संपला." मी गेले. शेडवरच्या बायकाही निघाल्या. पहाटे माल टबातून काढला आणि तशाच टेम्पोत बसल्या, हात पुसायला पदर पुरे. पोरगी कोपऱ्यात बसली होती.

साताऱ्यात शिरताना नाक्यावर मोठा फ्लेक्स लागला होता. आमच्यातल्या एकीचं माहेर साताऱ्याजवळचं मेढा. तिनं मोठ्यानं वाचला. त्याच साताऱ्याकडच्या संघाचं अंतिम फेरीत प्रवेश केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. वर मालकाचा फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. सुनावणी व्हायची होती अजून! मला वाटलं मागच्या वर्षीचा असेल. मेढ्याची म्हणाली, "मागल्या वर्साचा कसा आसंल वहिनी? मागल्या वर्सी पयल्याच फेरीत गचकल्याती ती."

तरी आम्ही आत गेलो. टेबलामागं तीन माणसं. मधल्या अध्यक्षांना बघून मेढ्याचीनं मला ढोसलं. "वहिनी, ह्यो तर त्यांच्या मालकाचा व्याही. म्या लग्नाला हुते की. लाडू वाढलं हुतं ह्यानं मला." मी उभी राहून तिथल्या तिथं विचारलं, साहेब, तुम्ही त्या मालकांचे व्याही ना? ते म्हणाले, नात्याचा इथं संबंध नाही. मी फ्लेक्सचं विचारलं. ते हसले. म्हणाले, "कार्यकर्ते उत्साही असतात, ताई." रुमाल कुठं आहे विचारलं, तर तो धुवायला गेला होता. म्हणजे पुरावा धोब्याकडं आणि आरोपी समोर. कुंपणच शेत खायला लागल्यावर दाद मागायची कुणाकडं?

पोरीला उभं केलं. तिनं सांगितलं, कामावरनं आलते, धुतलं हुतं, वास ऱ्हातो. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की अध्यक्ष "मोठ्यानं" म्हणाले. हिचा आवाज! आख्ख्या मैदानात ज्या पोरीचा दम ऐकू येतो, तिला हे मोठ्यानं बोल म्हणत होते. ती खाली बघत परत तेच म्हणाली.

मग ते झालं. आमच्याच माणसांकडून व्हावं असं. शेडवरच्या बायका मागं उभ्या होत्या, त्यांना राहवेना. कर नाही त्याला डर कशाला, हे आमच्याकडं पोटात असतानाच शिकवतात बहुतेक. मेढ्याची पुढं झाली आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "ह्ये बघा. हातच्या काकणाला आरसा कशाला? हुंगा. आमच्या सगळ्यांच्या हाताला हाय. आमी काय कबड्डी खेळतोय व्हय?" तिच्यामागून सगळ्यांनी हात पुढं केले. म्हाताऱ्या, तरण्या, बांगड्यांचे, बिनबांगड्यांचे. खोली त्या वासानं भरून गेली. मीही हात पुढं केला आणि अध्यक्षांना म्हणाले, "धरून बघा माझं मनगट. धुतलेलं आहे. निसटलं तर आत्ता कबूल करते." त्यांनी खुर्ची मागं ओढली. म्हणाले, "आम्ही प्रयोगशाळा उघडलेली नाही." आम्हाला वाटलं, जिंकलो. इतका उघड खरेपणा बघून माणूस ऐकणार नाही तर काय करणार? द्राक्षातली माणसं आम्ही. व्यापाऱ्यापुढं माल उघडा करून ओततो, वरचा आणि खालचा सारखाच दाखवतो, आणि भाव मागतो. इथंही तेच केलं.

आम्हाला बाहेर बसवलं. चहा सांगितला होता. चहा यायच्या आधी निकाल आला. खेळाडूच्या हातावर तेलकट पदार्थ असल्याचं तिच्या समर्थकांनीच समितीसमोर मान्य केलं, म्हणून सामना विरुद्ध संघाला आणि खेळाडूवर एक वर्षाची बंदी. आम्हीच मान्य केलं! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर म्हणे संन्याशानंच आणून दिला. मेढ्याची तिथंच पायरीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मी आत जाऊन काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. जैनाच्या तोंडी शोभणारं ते नव्हतं. घरी आल्यावर सासूबाईंनी मला प्रायश्चित्त म्हणून उपवास करायला सांगितला. उपवास मी केला, शब्द मात्र परत घेतले नाहीत. आणि हात दाखवले ते चुकलं, असं मला आजही कुणी म्हणून बघावं.

येताना फ्लेक्स परत दिसला. आता त्याला हार घातला होता.

अंतिम सामना झाला, निवड झाली. त्यात मलम लावलेल्या दोघींतली एक आहे. ती पोर चांगली खेळते, तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्या खुर्च्यांवर. पुढं बाजारात, एसटीत आमच्या पोरीला "तेलवाली" म्हणायला लागले. कुपवाडला कारखान्यात काम बघायला गेली, तर गेटवरचा माणूस म्हणाला, अगं तूच ना ती तेलवाली? ती तशीच परत आली आणि दुसऱ्या दिवशी टबावर उभी राहिली. त्या दिवसापासून तिनं विचारलं नाही, काकी, हुईल का.

मला वाटलं, खेळ सुटला. पण परवा संध्याकाळी गावच्या मातीच्या मैदानावर पोरींचा सराव बघायला गेले, तर ती होती. बंदी लीगची, गावच्या मातीवर कुणाची बंदी चालते? तिची चढाई होती. रेषेवर जायच्या आधी ती सरळ आमच्याकडं आली, जिथं आम्ही बायका बसलो होतो. हात घासून घासून लाल केलेले, कोपरापाशी कातडं फाटलेलं. दोन्ही हात माझ्यापुढं धरले आणि म्हणाली, "बघा काकी."

"मला कशाला दाखवतीस गं?"

"कुणालातरी दावूनच जाते आता."

मी तिचं मनगट धरलं, होती नव्हती तेवढी ताकद लावून धरलं. म्हटलं, ओढ. तिनं ओढून बघितलं, जोरात ओढलं. निसटलं नाही. एवढंच करायचं होतं त्या टेबलामागच्या माणसानं. नुसता हात पुढं करायचा होता. मला तिथंच, सगळ्यांसमोर, रडू कोसळलं, आणि मी मनगट सोडायचं विसरूनच गेले.

"काकी," ती हळूच म्हणाली, "सोडा की आता. चढाई हाय माझी."