पाहुण्यांसमोरची साक्ष

घाटकोपरला आमची खोली चाळीच्या तोंडाशी, तळमजल्यावर होती. चर्च तिथून पाच मिनिटांवर. आमच्या मंडळीतली बाकीची गरजू कुटुंबं वर टेकडीवर राहायची. तिकडे जायचं तर उघडं गटार ओलांडून चढावं लागे आणि परदेशी पाहुण्यांना ते जमत नसे. म्हणून पाहुणे आमच्याकडे यायचे.

हे पाहुणे परदेशातल्या एका मंडळीचे. त्यांच्या आधारावर आमच्या चर्चची तीन कामं चालायची: बायकांचा शिवणवर्ग, टेकडीच्या पायथ्याशी जाणारी दवाखान्याची व्हॅन आणि दारू सोडू पाहणाऱ्या पुरुषांची शनिवारची सभा. वर्षातून दोन-तीनदा पाहुणे ही कामं बघायला यायचे. आधी शिवणवर्गातल्या मशिनी बघायचे, मग व्हॅन बघायचे आणि मग माझे वडील बघायचे.

पप्पा विक्रोळीच्या एका कारखान्यात वेल्डर होते. मी दहा वर्षांची होईपर्यंत ते खूप प्यायचे. एका रविवारी दुपारी ते बाहेर निघाले आणि आई दार अडवून उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिचा हात पिरगाळला. मनगट मोडलं. त्यानंतर मंडळीतले दोन पुरुष चाळीस दिवस आळीपाळीनं आमच्याकडे येत राहिले. सकाळी पप्पांना कारखान्याच्या गेटपर्यंत सोडायचे, सुटायच्या वेळी गेटवर उभे असायचे आणि गुत्त्याची गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं घरी आणायचे. त्या चाळीस दिवसांनंतर पप्पा परत कधीच प्यायले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकताना प्रत्येकाला तीच धास्ती वाटते.

पहिली साक्ष त्यांनी आपणहून दिली. उपासनेच्या शेवटी उभे राहिले, पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली आणि म्हणाले, "मी बायकोला मारलं. देवानं मला थांबवलं. तुम्ही माझ्यासाठी उन्हात गेटवर उभे राहिलात." एवढंच बोलून खाली बसले. मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला होता.

पण तीन वाक्यांची साक्ष पाहुण्यांना पुरण्यासारखी नव्हती. आमच्या चर्चचे पाळकसाहेब प्रेमानं, अगदी हळूच, तिला वाढवत गेले. "किती प्यायचात ते सांगा." "मुलगी तेव्हा कुठे होती ते सांगा." पप्पा सांगत गेले. आधी चर्चचे सेक्रेटरी भाषांतर करायचे, पण ते पुण्याला गेले आणि मग पाळकसाहेबांची नजर माझ्यावर आली. मंडळीनंच मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. मी चौदा वर्षांची होते. मनगटाला, व्यसनाला, पश्चात्तापाला इंग्रजीत काय म्हणायचं ते त्यांनी मला एका कागदावर लिहून दिलं आणि मी ते परीक्षेसारखं पाठ केलं.

"माझ्या वडिलांनी माझ्या आईला मारलं" हे मराठीत मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. इंग्रजीत ते सोपं गेलं. वाटलं, दुसऱ्याच कोणाच्या तरी घरची गोष्ट आहे.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी शिवणवर्गाच्या बाई घरी चक्कर मारून जायच्या. आमच्याकडे तोपर्यंत टीव्ही आला होता. पप्पांनी ओव्हरटाइम करून घेतलेला, लाकडी दारांचा. बाई अवघडून म्हणाल्या, "तो जरा झाकलात तर बरं. त्यांचा उगाच गैरसमज होतो." आईनं त्यावर चादर टाकली. पुढच्या वेळेपासून बाईंना सांगावं लागलं नाही. आई त्याच वर्गात शिकवायची, नोकरी बाईंच्या हाताखाली होती.

मग पाहुणे यायचे. पलंगावर बसायचे. दारात चाळीतली पोरं गोळा व्हायची. पप्पा खुर्चीत, मी त्यांच्या शेजारी उभी, आई ओट्यापाशी. पप्पा कुठे अडखळले की पाळकसाहेब पुढे वाकून म्हणायचे, "मनगटाचं सांगा." आणि ते सांगून झालं की पाहुण्यांपैकी कोणीतरी, बहुतेक बाईच, आईकडे वळून विचारायची की कुठला हात. आई पदराला हात पुसायची आणि उजवा हात पुढे करायची.

चाळीत मागाहून राहायला आलेल्यांना पप्पा कधी प्यायचे हे ठाऊकही नव्हतं. ते त्यांना आमच्या दारातूनच कळलं. समोरच्या खोलीतली माझी मैत्रीण एकदा म्हणाली, "तुझे पप्पा तसे वाटत नाहीत गं." मी म्हटलं, "तसे नाहीतच." मग ती म्हणाली, "पण तूच तर सांगत होतीस."

पाहुणे गेले की पप्पा जेवायचे नाहीत. चपला घालून बाहेर पडायचे, स्टेशनपर्यंत चालत जायचे, परत यायचे. ते परत येईपर्यंत आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. ते आत आले की ती त्यांच्या जवळून जायची आणि हळूच श्वास घेऊन बघायची. पप्पांना ते कळायचं. आई बघते हे त्यांना कळतं, हे आईलाही कळायचं.

एकदा पप्पांनी पाळकसाहेबांना विचारलं. मी तिथेच होते. "साहेब, आता दुसऱ्या कोणाला तरी उभं करा ना."

 पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. टेकडीवर कावीळ पसरली तेव्हा ते स्वतः घरोघर पाणी उकळून द्यायला फिरले होते. ते म्हणाले, "कोणाला करू? तुमच्यानंतर तिघं सुटले, त्यातले दोघं परत प्यायला लागले. तुम्ही एकटेच टिकलात. व्हॅन यांच्या आधारावर फिरते हो. मी त्यांना काय दाखवू?"

पप्पांनी पुन्हा विचारलं नाही.  त्या व्हॅनमधून चाळीतल्या निम्म्या पोरांना औषधं मिळत होती.

मी बारावीत असताना एक वयस्कर जोडपं आलं. दोघंही फार मृदू. त्यांच्या मंडळीतर्फे एका मिशन हॉस्पिटलात नर्सिंगला मुली पाठवायच्या होत्या आणि माझं नाव पाळकसाहेबांनी पुढे केलं होतं. त्या बाईंनी येताना माझ्यासाठी छोटा शब्दकोश आणला होता.

सगळे बसले. पाळकसाहेबांनी मान हलवली. पप्पा नेहमीच्याच आवाजात, नेहमीसारखे माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"यांना सांग, मी सात वर्षं दारूला शिवलो नाही. पण हे आले की मला परत प्यावी लागते. सांगताना तोंडात चव येते. हिचा हात दर वेळी परत मोडतो. मला आता हे सांगायचं नाही."

ते थांबले. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर ऐकतानाचं तेच हसू होतं.  मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं. खोलीतल्या चार जणांना मराठी कळत होतं आणि त्यातले तिघं माझी वाट बघत होते.

मी इंग्रजीत म्हणाले, "माझे वडील पूर्वी रोज दारू प्यायचे. एका रविवारी दुपारी..." आणि पुढचं सगळं ओळीनं सांगितलं. मनगट, चाळीस दिवस, सगळं. माझा आवाज एकदाही अडकला नाही. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पप्पांचे दोन्ही हात धरून प्रार्थना केली. पप्पांनी शेवटी "आमेन" म्हटलं.

ते गेल्यावर पप्पा चपला घालता घालता मला म्हणाले, "माझ्यापेक्षा तुलाच चांगलं पाठ झालंय." रागानं नाही. त्या दिवशी मीही जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळकसाहेब एकटेच आले. आईनं चहा टाकला, त्यांनी नको म्हटलं.

"काल मी ऐकलं," ते पप्पांना म्हणाले. "ऐकून गप्प बसलो."

"सगळेच गप्प बसलो साहेब," पप्पा म्हणाले.

पाळकसाहेब क्षमा मागायला आले होते आणि त्यांनी ती मागितली. पण जाता जाता दारात थांबून म्हणाले की फेब्रुवारीत आणखी एक गट येतोय, तुमच्याबद्दल पत्र आधीच गेलंय, तेवढी एकच वेळ. पप्पा हो म्हणाले. फेब्रुवारीत त्यांनी सगळं सांगितलं, मी भाषांतर केलं. त्यानंतर मात्र पाळकसाहेबांनी शब्द पाळला. आमच्याकडे पाहुणे आले नाहीत. चर्चच्या परदेशी जाणाऱ्या पत्रकात पप्पांचा फोटो छापून येत राहिला, तो थांबवायचं कोणाला सुचलं नाही.

पप्पा शनिवारच्या सभेला जायचे बंद झाले. त्याऐवजी भांडुपला एका माणसाकडे जायला लागले. तो सभेतून सुटून परत प्यायला लागला होता. पप्पा त्याच्याकडे शनिवारी दुपारपासून बसायचे आणि दोघं कॅरम खेळायचे. आईनं एकदा विचारलं, त्याला काय सांगता? पप्पा म्हणाले, "काही नाही. तो खेळतो तेवढा वेळ पीत नाही."

मी नर्सिंगला गेले, शिकले, नोकरीला लागले. सुट्टीत घरी आले असताना एकदा भाजी निवडता निवडता पप्पांना विचारलं, "त्या दिवशी मी खोटं सांगत होते. तुम्हाला कळत होतं ना?"

"चार वर्षं तुझ्याच शेजारी बसून ऐकत होतो. कळणार नाही?"

"मग तुम्हीच का नाही बोललात? मोडकंतोडकं इंग्रजी तर येत होतं तुम्हाला."

त्यांनी हातातली गवार मोडली, शिरा काढल्या. "तुझी ॲडमिशन त्यांच्या हातात होती ना," ते म्हणाले. "म्हटलं, आपलं मराठीतच बरं. काय सांगायचं ते तू ठरव."

मी काय ठरवलं होतं ते त्यांना माहीतच होतं. आम्ही राहिलेली गवार निवडली आणि मी ती धुवायला घेऊन गेले.