शिंपल्याची एक पाकळी

देऊळघाटच्या एका सुताराची ती केस निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही, प्रयत्न करतो.

खबऱ्याने निरोप दिला, "साहेब, नांदुरा स्टेशनवरून तीन जुन्या पेट्या मुंबईले जाऊन राह्यल्या. तिथून परदेशात."

आम्ही पार्सल अडवलं. शिसवी पेट्या, त्यांवर शिंपल्याच्या चकचकीत तुकड्यांची फुलं जडवलेली. प्रत्येकीवर मुंबईच्या व्यापाऱ्याचं छापील लेबल: 'शंभर वर्षांपूर्वीची'. इतकी जुनी वस्तू अशी देशाबाहेर पाठवणं गुन्हा. पाठवणाऱ्या सुताराला ठाण्यात आणलं.

"कुठून चोरल्या?"

"चोरतो काऊन, साहेब? म्याच बनवल्या. दिवाळीच्या टायमाले."

"मग जुन्या कशा दिसतात?"

"चहाच्या पान्यानं पुसल्या, चुलीच्या धुरावर टांगल्या. शेठले तशाच पायजे होत्या."

हवालदार हसला, "चहा पाजून पेटी म्हातारी केली म्हने!"

मलाही पटलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. छापलेलं ते खरं, असंच मी धरून चालायचो. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं करायचं होतं. एकदा चोर म्हणून नाव झालं की गावात कोणी त्याला घराची चौकटही करायला देणार नव्हतं.

पंचनामा पुन्हा वाचताना मात्र मी अडखळलो. तिन्ही पेट्यांपुढे मीच लिहिलं होतं: 'झाकणावरील फुलाची देठाजवळची एक पाकळी गळालेली.' तिन्हींची तीच कशी गळेल? बोट फिरवून पाहिलं. खड्डा नव्हताच, सपाट लाकूड होतं.

त्याची हत्यारं मागवली. "एक फूल करून दाखव."

तो ठाण्याच्या ओट्यावर बसला. दुपारपर्यंत फूल तयार झालं. पाच पाकळ्या शिंपल्याच्या, देठाजवळची सहावी नुसत्या लाकडाची.

"हे काऊन सोडली बे?" हवालदाराने विचारलं.

"पुरं काम केलं का नजर लागते. तुमी लेकराले तीट नाही लावत का?"

ठाण्यात हशा पिकला. नवा माल जुना म्हणून खपवल्याचं व्यापाऱ्यानेही पुढे कबूल केलं, आणि फसवणुकीचा गुन्हा त्याच्यावर लागला.

चौकशीत आम्ही माणसाला बोलतं करतो, त्याच्या हाताला काही विचारत नाही. हे मला तिथे कळलं.

त्या दिवशी सुटून जाण्याआधी जबाबावर सही करताना सुतार थांबला. 'व्यवसाय: मजुरी' असं आम्ही लिहिलं होतं.

"साहेब, तेवढं खोडा. कारागीर लिहा."

खाडाखोडीजवळ अधिकाऱ्याला सही करावी लागते. ती मी इतक्या आनंदाने कधीच केली नव्हती.