दुर्बिणीआधीची खिचडी

गावाकडे मोठ्या भावाला आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की पाठच्या भावंडांनीही दुर्बिणीने तपासून घ्यावं. मला काहीच त्रास नव्हता. पण सातवीतून शाळा सोडून भोपाळच्या कारखान्यात आलेला मी, गावचा फोन म्हटला की आजही आधी वाईटच धरून चालतो. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यातून तारीख घेतली. खिडकीतला माणूस म्हणाला, "कल से खाना बंद, बाकी कागज में लिखा है." कागद इंग्रजीत. विचारायची लाज वाटली.

आदल्या दिवशी संकष्टी होती. बायको म्हणाली, "जेवण बंद म्हणजे चतुर्थीसारखंच की. थोडी खिचडी खाऊन घ्या, त्या जुलाबाच्या औषधानं गळून जाल." मलाही पटलं. आमच्या घरी साबुदाणा जेवणात कधी धरलाच नाही.

सकाळी दुर्बिणीच्या खोलीबाहेर केरळच्या वयस्क सिस्टर होत्या. "भैया, आखिरी बार कैसा हुआ? पानी जैसा, पीला?"

"हाँ," मी ठोकून दिलं. तारीख हुकली तर पुन्हा जीव टांगणीला.

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "घबराओ मत. कल क्या खाया?"

बायकोच बोलली, "साबूदाने की खिचड़ी. मूंगफली डाल के. उपवास का था ना!"

सिस्टर खळखळून हसल्या. "भगवान को चलता होगा दीदी, हमारी दूरबीन को नहीं चलता!" मग माझ्याकडे वळून सावकाश समजावलं: आतड्यात दाणे चिकटलेले असले तर त्यांच्या आड काय आहे ते दिसत नाही, आणि तुम्ही मात्र सगळं ठीक आहे समजून घरी जाल.

रागावल्या नाहीत. त्याच आठवड्यातली दुसरी तारीख मिळवून दिली. बाकावर माझ्या शेजारी बसून कागदाच्या पाठीवर हिंदीत लिहिलं: दोन दिवस आधीपासून शेंगदाणे, बिया बंद. आदल्या दिवशी फक्त नारळपाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं लिंबूपाणी. औषध दोन्ही वेळचं, पूर्ण. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. झोपेचं इंजेक्शन असतं, स्कूटर आणू नका. मग सगळं माझ्याकडून म्हणवून घेतलं. शाळेत कुणी इतक्या शांतपणे पाठ करून घेतलं असतं, तर मी कदाचित आठवीत गेलो असतो.

दुसऱ्या खेपेला डोळे उघडून विचारलं, "कब शुरू करेंगे?"

"हो गया, भैया."

मांसाचा एक छोटा कोंब सापडला होता, तो तिथेच काढला. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, पण तसाच राहिला असता तर पुढे होऊ शकला असता. मला ते शेंगदाणे आठवले. हा त्यांच्याच आड राहिला असता.

आता धाकट्या बहिणीचा नंबर आहे. काल फोनवर सिस्टरांचा कागद तिला वाचून दाखवला.

"दादा, भगर तरी चालेल ना?"

"नाही. आता पहिल्यापासून म्हणून दाखव."