रुपालीच्या पडद्यावरचा ओळंबा

रुपाली नेरच्या बसस्थानकासमोरील फोटो स्टुडिओत संगणकावर काम करते. तिचे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. कापसाचे वाईट दिवस आले, जिनिंग बंद पडली, तेव्हा ही मुलगी यवतमाळला जाऊन संगणक शिकली आणि तिने घर उभे ठेवले. मी, देवराव, पेशाने गवंडी आहे. घर उभे ठेवणे म्हणजे काय, हे मी जाणतो. वयाच्या बासष्टाव्या वर्षी प्रौढवर्गात अक्षरे शिकलो, म्हणून तिच्याविषयी हे लिहू शकत आहे.

सन २००६ च्या उन्हाळ्यात आमच्या वर्गाचा सामूहिक फोटो निघाला. आमचा प्रौढवर्ग ज्या शाळेत भरतो, तिथे तो लागणार होता. नलू आणि माझे थोरले बंधू धर्मपालही याच वर्गात होते. धर्मपाल मध्यभागी उभे राहिले. भासऱ्याजवळ धाकट्या भावाच्या बायकोने उभे राहू नये, या रीतीप्रमाणे माझी पत्नी नलू पार उजव्या टोकाला गेली. डाव्या बाजूला विजेचा लोखंडी खांब होता. नलूचा त्याआधीचा एकमेव फोटो मतदार कार्डावर आहे, आणि ती बाई मी नव्हेच, असे तिचे ठाम मत आहे.

आम्ही दोघे स्टुडिओत गेलो. पडद्यावर फोटो कलता दिसत होता. रुपालीने खांबाच्या आधाराने तो फिरवला. खांब ताठ झाला. परंतु कडेला तिरप्या मोकळ्या जागा उरल्या. त्या कापताच नलूचे अर्धे अंग गेले.

"काकू, फोटो सरळ केला का कडा कापाच लागते."

"काप बाई. मले काय करा लागते फोटो!" नलू हसली. मात्र त्या फोटोसाठी ती ठेवणीतले हिरवे लुगडे नेसली होती, आणि आता ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. मला ते पाहवले नाही.

मी पडद्याजवळ सरकलो. खांब सरळ, आणि मागची शाळेची भिंत तिरपी! ती भिंत माझ्या हातची आहे.

"पोरी, खांबाचं कायले ऐकतं? त्याले कापसाची बैलबंडी धडकलीती. भिंतीले मी ओळंबा लावला होता!"

"काका, गवंडी आपलीच भिंत सरळ म्हणन ना!"

मी थैलीतून ओळंबा काढला; दोरीला बांधलेले लोखंडी वजनच ते, भिंत ताठ आहे का ते पाहायचे. टेबल डुगडुगत होते. प्रथम त्याच्या पायाखाली कागदाची घडी सारली. मग पडद्यासमोर दोरी सोडली. दुकानातील मंडळी खो-खो हसली. रुपाली हसली नाही. तिने मूळ फोटो पुन्हा आणला आणि भिंतीचा कोपरा दोरीला मिळेपर्यंत केसभर फिरवला. कड नावापुरती कापली गेली. नलू पूर्ण राहिली.

"पण आता खांब वाकडा दिसून राह्यला," रुपाली म्हणाली.

"मंग त्यालेच काप की!" नलू ताडकन बोलली.

रुपालीने डावी बाजू कापली. खांब बाहेर, नलू आत.

तेव्हापासून रुपालीच्या पडद्यावर दोऱ्याला बांधलेला एक लोखंडी नट लटकतो. गिऱ्हाइकांनी विचारल्यास ती सांगते, "हे आमच्या काकाचं सॉफ्टवेअर हाय."

फोटो शाळेत लागला आहे. वर्गात शिकायला नवी बाई आली की नलू तिला हाताला धरून त्यापुढे नेते आणि बोट ठेवते, "हे पाह्य. हे मीच हाय."